लाल फडकं

“मास्तर, फळीकडे बघून चाला. माझ्या बोटीकडे काय बघत बसलाय?” वहिनी म्हणाल्या, आणि मास्तर नदीत पडता पडता वाचले.

ते बघत होते वहिनींच्या बोटीच्या रिकाम्या कठड्याकडे.

मास्तर म्हणजे शिंपी. दुकान मुलाच्या गळ्यात घालून, हौसेनं घेतलेल्या लहानशा बोटीतून ते बायकोसह नदीनदीनं हिंडायचे. जोडीला कप्तान आणि वहिनींची बोट. कप्तान कसले, बँकेतले कॅशियर. पण बोटीवर पाय ठेवला की डोक्यावर टोपी चढायची, म्हणून कप्तान. गाव आलं की दोन्ही बोटी धक्क्याला लागायच्या आणि चौघं मिळून गाव पालथं घालायची.

यंदा तिघंच आली होती.

त्या नदीवर बोटवाल्यांची एक रीत होती. बोटीत माणूस असेपर्यंत कठड्याला लाल फडकं बांधलेलं असायचं. शेवटचा माणूस उतरताना ते सोडून बरोबर घ्यायचा. फडकं नसलेल्या बोटीच्या केबिनला धक्क्यावरचा रखवालदार बाहेरून कडी घालायचा, चोरांचं भय नको म्हणून. दोन्ही बोटींची फडकी मास्तरांनीच शिवली होती, निळ्या दोऱ्यानं कडा दुमडून. शिंप्याच्या हाताला मुळी चैन नसते. कुणाचं फडकं विसरून राहिलेलं दिसलं, की ते सोडून, चार घड्या घालून खिशात टाकायचे. एवढी टापटीप जरा घरात दाखवा, असं बायको म्हणायची.

गेल्या वर्षी ह्याच धक्क्यावर कप्तान इंजिन खोलून बसले. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच, म्हणाले. तिघं टेकडीवरचा बुरूज बघून परत आली तेव्हा केबिनला बाहेरून कडी होती आणि आत इंजिनाचा धूर कोंडला होता. दार ठोठावून ठोठावून कप्तानांच्या बोटांची सालटी निघाली होती. फडकं नव्हतं, असं रखवालदार रडत सांगत होता. आणि खरंच नव्हतं. कुणी काढलं ते कळलं नाही, आणि ते कुठे सापडलंही नाही.

त्या दिवशी धक्क्यावरून सगळ्यात शेवटी निघाले होते मास्तर.

त्यांना काही आठवत नव्हतं. घरी येऊन त्यांनी खिसे उलटे केले, पेट्या उपसल्या, दुकानातल्या चिंध्यासुद्धा चाळल्या. फडकं मिळालं नाही. पण स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला तो उडालाच. तेव्हापासून शिलाई मशीन थांबलं की त्यांना ठकठक ऐकू यायची, कुठल्यातरी बंद दारामागून. ते उठून कपाटं उघडून बघायचे. बायको आधी हसायची, मग हसेनाशी झाली.

वहिनींची बोट वर्षभर कुलपात होती. काल उघडली तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं. उष्टे कप, कप्तानांची टोपी, आणि खुंटीवर वहिनींची फिरायची पिशवी. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी मास्तरांच्या बायकोनंच ती तिथे अडकवली होती. आज वहिनींनी ती तशीच खांद्याला लावली. बुरूज बघून आले की ठरवीन, बोट ठेवायची की विकून मोकळं व्हायचं, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

मास्तरांच्या बायकोनं गुडघ्यांचं निमित्त करून पायथ्याचा बाक धरला. मास्तर आणि वहिनी बुरुजावर चढली. वरून धक्का स्वच्छ दिसत होता. दोन्ही बोटी दाराबाहेर काढलेल्या चपलांसारख्या शेजारी शेजारी होत्या. आणि एवढ्या लांबून, एवढ्या वाऱ्यात, मास्तरांना ठकठक ऐकू आली. त्यांना आता सहन होईना.

“वहिनी, फडकं मी काढलं.”

वहिनी वळल्या नाहीत. “आठवतंय तुम्हाला?”

“नाही. पण माझ्या हाताची खोड तुम्हाला ठाऊक आहे. दुसरं कोण काढणार?”

मग त्यांनी खिसे, पेट्या, चिंध्या, सगळं सांगितलं. भ्यालो म्हणून वर्षभर तोंड उघडलं नाही, हेही सांगितलं. वहिनींनी बुरुजाचा कठडा धरला.

“मी वर्षभर एकच घोकतेय, मास्तर. मी उतरले तेव्हा फडकं होतं. पक्कं होतं. रात्री मध्येच वाटायचं, नसलं तर? ते माझ्या हातून झालं असतं ना, तर मी ही नदीच जवळ केली असती.” त्यांनी डोळे पुसले. “तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? सवयीवर कसला राग धरायचा.”

मास्तर लहान मुलासारखे रडले. वहिनीही रडल्या, पण रडता रडता त्यांचा चेहरा उजळत गेला. आज झोप लागेल, म्हणाल्या. बोट विकणार नाही, हेही म्हणाल्या. मास्तरांनी कान देऊन पाहिलं. ठकठक थांबली होती.

उतरताना पायऱ्या उभ्या होत्या. वहिनींनी दोन्ही हातांनी कडेला बांधलेला दोर धरला, म्हणून पिशवी मास्तरांनी घेतली. अर्ध्यावर ऊन थेट डोळ्यांवर आलं.

“पिशवीत माझा उन्हाचा चष्मा असेल बघा,” वहिनी खालच्या पायरीवरून म्हणाल्या. “वर्षभर त्यातच राहिलाय.”

मास्तरांनी हात घातला. बुरुजाचं गेल्या वर्षीचं तिकीट लागलं, मग चष्मा, आणि चष्म्याखाली कापडाचा एक बोळा. लाल. कडेला निळा दोरा. घड्या नव्हत्या; निघायच्या घाईत कोंबावा तसा कोंबलेला होता.

“मिळाला का?”

मास्तरांनी बोळा उलगडला, त्याला नीट चार घड्या घातल्या आणि तो आपल्या खिशात टाकला.

“मिळाला, वहिनी,” ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुढे केला.