लाकडी मुठीचा पेचकस

गाडीला जोडलेल्या स्कॅनरच्या पडद्यावर एकही दोष उमटला नाही. सबिहानं वायर काढून पुन्हा लावली. तरी तेच. गाडीचे मालक संगप्पा कंबरेवर हात ठेवून उभे होते. उदगीरहून लातूरला येईपर्यंत बॉनेटखाली कुणीतरी सुपारी चावल्यासारखी कुरकुर चालू होती म्हणे. शोरूमवाल्यांनी तीनदा गाडी ठेवून घेतली आणि तीनदा धुऊन परत दिली. “गाडी लई चमकून राहिली,” संगप्पा म्हणाले, “पण कुरकुर काही जाईना.”

“अब्बा, मशीनला काहीच सापडंना,” सबिहानं पडद्यात मान घालूनच सांगितलं.

पलीकडे तिचे अब्बा, दस्तगीर मिस्त्री, एका जुन्या जीपचा कार्बोरेटर पुसत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

तिला आता याची सवय झाली होती. दीड वर्षापूर्वी तिनं हे मशीन गॅरेजात आणलं आणि त्याच सुमाराला अब्बांनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्याआधी बापलेक जीपच्या दोन बाजूंनी वाकून दिवसभर बडबडत असायची. जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या फटीतून खालची जमीन दिसे, आणि समोर वाकलेल्या माणसाचं तोंडही. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की दिसतं एक काळं झाकण. तिचं दुखणं विचारायचं तर वायर जोडायची आणि पडद्यावर डोळे लावायचे. तसे डोळे लावूनच सबिहा अब्बांना काहीबाही सांगत राही, पाठीमागून चहाला हाक मारी. उत्तर येत नसे. अम्मीजवळ, म्हणजे खातूनबींजवळ, तक्रार केली तर त्या हसल्या. “मला तर पंचवीस वर्षांत उत्तर आलं न्हाई बाई,” म्हणाल्या.

सबिहाला काही हसू आलं नाही. तिनं नांदेडच्या एका मोठ्या वर्कशॉपात नोकरी धरली. उद्या हजर व्हायचं होतं. चार वाजताची एसटी होती आणि भरलेली बॅग टेबलाखाली सरकवून ठेवली होती. अम्मी म्हणाली, त्यांना तूच सांग. म्हणून सकाळी वायर गुंडाळता गुंडाळता तिनं ते सांगूनही टाकलं. अब्बा थांब म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत, हातातला नट तेवढा घासत राहिले.

एकच कोडं सुटायचं राहिलं होतं. अब्बांना गाडीचा बिघाड कळतो तरी कसा? लहानपणापासून ती बघत आली होती. स्क्रू फिरवायच्या लांब पेचकसाचं टोक इंजिनावर, लाकडी मूठ कानाला, आणि डोळे मिटलेले. काय ऐकू येतं म्हणून विचारलं की ते म्हणायचे, जात्यासारखंच असतं, आधी घरघर बदलती, मग पीठ. तिनं मूठ कानाला लावली की तिला नुसता गलका ऐकू यायचा.

संगप्पांनी शेवटी मिस्त्रींच्या खांद्याला हात लावून सगळी कहाणी पुन्हा सांगितली. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग उठले आणि भिंतीवरचा पेचकस काढला. सबिहानं स्कॅनर बाजूला ठेवला. जायच्या आधी एकदा नीट बघून घ्यावं म्हणून ती त्यांच्या अगदी समोर जाऊन वाकली.

संगप्पांनी गाडी सुरू केली. अब्बांनी टोक इंजिनावर टेकवलं, मूठ उचलली, आणि कानाला न लावता दातांत धरली.

सबिहा बघतच राहिली. त्या लाकडावर दातांचे वण होते, जुने, नवे, एकावर एक. तेवढ्यात सीटवर सावरून बसताना संगप्पांचं कोपर हॉर्नवर पडलं. पत्र्यावरच्या चिमण्या भर्रकन उडाल्या. सबिहा दचकून मागं सरकली. हॉर्नच्या तोंडाशी वाकलेल्या अब्बांची पापणीसुद्धा हलली नाही.

टोक एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. अब्बांनी मूठ तोंडातून काढून पट्ट्याजवळच्या पुलीवर बोट ठेवलं. आतलं बेरिंग सुकलंय, म्हणाले, आणखी पंधरा दिवसांत पट्टा तुटून वाटेतच उभं राहावं लागलं असतं. नवं बेरिंग बसलं, कुरकुर गेली. असे कान सगळ्या लातुरात न्हाईत, असं म्हणत संगप्पा खुशीत निघाले.

साडेतीन वाजले होते. अब्बा पाठमोरे उभे राहून पेचकस पुसत होते. “अब्बा,” सबिहानं हळूच हाक मारली. मग मोठ्यानं मारली. शेजारच्या पंक्चरवाल्यानं वळून बघितलं. अब्बा पुसतच राहिले. दीड वर्ष ती अशीच, त्यांना तोंड न दाखवता बोलत आली होती.

ती वळसा घालून त्यांच्या समोर गेली. त्यांच्या हातातला पेचकस घेतला, मूठ त्यांच्याकडे फिरवली आणि दातांतून ऐका म्हणून आपल्या दातांवर बोट टेकवून दाखवलं. चोरी सापडलेल्या पोरासारखं त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणील? पण तिची नजर हलेना, तेव्हा त्यांनी मूठ दातांत धरली. झिजून बोथट झालेलं टोक सबिहानं आपल्या गळ्याखालच्या हाडाला लावलं.

“अब्बा, मी नांदेडला निघाले होते. कायमची. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता म्हणून.”

दस्तगीर मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले, इंजिनाचं ऐकावं तसं. मग मूठ तोंडातून काढली.

“अन् मला वाटून राहिलं होतं,” ते म्हणाले, “ते मशीन आल्यापासून तूच माझ्याशी बोलायची बंद झालीस.”