साठच्या वर नाही

जीपचा काटा नव्वदवर होता आणि मागच्या ट्रेलरमध्ये घोडी पाय आपटत होती.

बाई गाडी चालवत होत्या. घोडेस्वारी शिकवण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती, त्यातली सतरा या घोडीच्या सोबतीनं. गावातल्या निम्म्या मुलांनी पहिला लगाम धरला तो हिचाच. आज सकाळपासून तिच्या पोटात कळा येत होत्या. गुरांच्या डॉक्टरनं पोटाला कान लावला, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "आतड्याला पीळ असेल तर माझ्या हातात काही नाही. मोठ्या दवाखान्यात न्या. दुपारच्या आत."

शेजारी त्यांचे यजमान बसले होते. शिकायला येणारी मुलं त्यांना काका म्हणत. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. आठवड्यापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून डोळ्यांवर काळा चष्मा आणि स्टिअरिंगला हात लावायची बंदी.

"साठ," काका म्हणाले. तिसऱ्यांदा.

"अहो, तिथे डॉक्टर थांबलेत."

"थांबू देत. मागे भिंत ओढतोय आपण. जितकी जोरात ओढशील तितका वारा अडवणार आणि तितकं डिझेल जाणार. टाकी पाव राहिलीय. घाटात संपलं तर काय करशील, घोडी उतरवून तिला जीप ओढायला लावशील?"

बाई हसल्या नाहीत. बस चालवतानाही हा माणूस असाच होता. प्रवासी त्याला गोगलगाय म्हणत, आणि तो ते आनंदानं घरी येऊन सांगे.

उतार लागला. समोरून एक बस सुसाट आली आणि घासून गेली. तिच्या वाऱ्याचा धक्का बसला, आणि ट्रेलर डावीकडे सरकला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, पहिल्यापेक्षा जास्त. जीपचं मागचं अंग त्याच्यासोबत खेचलं जाऊ लागलं. बाईंचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको." काकांचा आवाज चढला नव्हता. "आत्ता दाबलास तर तो आपल्याला आडवं करेल. अ‍ॅक्सिलरेटर सोड. स्टिअरिंग सरळ धर. तो जाईल तिकडे जाऊ दे, तू त्याच्यामागे जाऊ नकोस."

बाईंनी पाय काढला. ट्रेलर आणखी दोनदा झुलला. आत काहीतरी जड पत्र्यावर आदळलं. मग झोके लहान होत गेले, आणि काटा चाळिसावर आला तेव्हा ट्रेलर मुकाट्यानं मागे येत होता.

बाईंनी गाडी कडेला घेतली आणि धावत मागे गेल्या. घोडी उभी होती. चारही पाय फाकवून, मान खाली घालून, घामानं काळी पडलेली. पुढच्या गुडघ्यावरचं कातडं सोललं होतं. तिनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

परत येऊन बाई बसल्या, पण गाडी सुरू करेनात.

"आपल्याला धरायला दांडा आहे," काका हळूच म्हणाले. "तिला हात नाहीत गं. पोटात कळा असताना प्रत्येक वळणावर तोल सांभाळायचा, तो नुसत्या पायांवर."

"आणि तुमच्या साठनं उशीर होऊन ती गेली तर?"

"पंचेचाळीस किलोमीटर राहिलेत. नव्वदनं अर्धा तास, साठनं पाऊण. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. त्या पंधरा मिनिटांत काही झालं, तर मला जन्मभर बोल. मी ऐकेन."

बाईंनी गाडी सुरू केली. काटा साठवर आणला आणि तिथेच ठेवला.

मागून हॉर्न वाजत राहिले. एक गाडीवाला शेजारून जाताना हातवारे करून गेला. बाईंना वाटलं, हा रस्ता कुणीतरी मुद्दाम ताणतंय. घाट चढताना डिझेलचा लाल दिवा लागला. काकांनी तो पाहिला की नाही कोण जाणे.

घाट उतरल्यावर मागचं पाय आपटणं थांबलं.

"अहो, आवाज येत नाहीये."

काकांनी पाठ सीटला घट्ट टेकवली. "उभी आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"पडली असती तर गाडीनं सांगितलं असतं. चालव तू."

दवाखान्याच्या फाटकात डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या. जीप थांबली आणि त्यांनी थेट मागचं दार उघडलं. बाई खाली उतरल्या, पण ट्रेलरच्या कोपऱ्यापाशी त्यांचे पाय अडले. पुढे जाऊन बघायचं धाडस होईना.

"बाई," डॉक्टरीणबाईंनी आतून हाक मारली, "या की इकडे. हिनं लीद टाकलीय!"

"काय?"

"लीद! चांगली भरपूर. पीळ नाही. अडकलं होतं ते सुटलंय. रात्रभर ठेवून घेऊ, गुडघ्याला औषध लावू, पण ऑपरेशनची वेळ येईल असं वाटत नाही."

बाई आत गेल्या. घोडी डोळे अर्धवट मिटून उभी होती. मऊ मऊ श्वास घेत होती. बाई तिच्या मागे खाली वाकल्या, दोन्ही हातांनी लीद उचलली आणि ओंजळीत धरून दाराशी आल्या. ती अजून गरम होती. तिची वाफ उन्हात दिसत होती.

काका खाली उभे होते. "अगं, टाक आता ती."

"थांबा ना जरा," बाई म्हणाल्या.