पुन्हा येण्याविषयी

“नदी, कंदील, मुळा,” चिझुरु म्हणाली. “पाच मिनिटांनी विचारते, बाबा. लक्षात ठेवा.”

“मुळा कशाला मध्येच? भूक लागते.”

“बाबा.”

“बरं बाई. नदी, कंदील, मुळा.”

तिच्या बाबांनी, तोकुजींनी, बुटक्या मेजावर पसरलेली रजई ओढून पाय खालच्या शेगडीपाशी घेतले. चिझुरु भाजलेली रताळी सोलू लागली. मुद्दाम तिने दुसरे विषय काढले. शेजाऱ्यांच्या छपरावरचा बर्फ, उशिरा आलेली गाडी. मग तिने घड्याळ पाहिलं.

“सांगा.”

बाबांनी आईच्या फोटोकडे पाहिलं. फोटोपुढे वाटीत सकाळचा भात होता.

“मुळा,” ते म्हणाले.

“आणि?”

“आणि काही नाही. नुसता मुळा.”

तिने तक्त्यात लिहिलं. तीनपैकी एक.

“नापास का हो, बाई?”

“हो.”

“मग पुढच्या रविवारी फेरपरीक्षा.”

“येते,” ती म्हणाली आणि अर्धं रताळं त्यांच्या बशीत ठेवलं.

परतीच्या दोन तासांच्या गाडीत तिला नेहमी एकच भीती वाटायची. एखाद्या रविवारी दार उघडून बाबा नम्रपणे विचारतील, “आपण कोण?”

आई गेल्यावर ती वर्षातून दोनदा घरी जायची, नववर्षाला आणि उन्हाळ्यात पितरांच्या सणाला. तीन वर्षांपूर्वी बाबा फोनवर वार चुकले. ती धावत गेली. तिने शब्द दिले, त्यांनी तिन्ही बरोबर सांगितले. ती निर्धास्त झाली आणि कामाला लागली. पुन्हा जायला सहा आठवडे उलटले. त्या वेळी त्यांना एकच शब्द सांगता आला. मग मात्र रविवार ठरूनच गेला. एकदा त्यांना एकही सांगता आला नव्हता. तेव्हा तिने रविवारची वाट पाहिली नाही, गुरुवारीच गेली.

तिच्या छोट्या कॉलेजात मानसशास्त्राचे दोनच प्राध्यापक होते, ती आणि हागिवारा सर. बाबांनीही तिथेच चाळीस वर्षं हाच विषय शिकवला होता. जिन्यापाशी लाकडी पाट्या टांगलेल्या असत. एका पाटीवर एक नाव आणि त्याखाली संशोधनाचा विषय, एका ओळीत. निवृत्त माणसाची पाटीही तो हयात असेपर्यंत काढायची नाही, अशी तिथली रीत होती. दर एप्रिलमध्ये त्यालाही पत्र जायचं: विषय तोच की बदलला?

हागिवारा सरांचा होता ‘झोपेतलं ऐकणं’. चिझुरुचा ‘म्हातारपणातली स्मृती’. बाबांचा चाळीस वर्षं ‘कबूतर आणि दाणा’, म्हणजे दाणा कसा दिला तर कबूतर पुन्हा कळ दाबायला येतं. तीन वर्षांपूर्वी बाबांनी नवी ओळ कळवली होती: ‘पुन्हा येण्याविषयी’.

“कबुतरं खुराड्यात परत येतात ना, त्याबद्दल असेल,” हागिवारा सर तेव्हा हसले होते. “म्हाताऱ्याचा पिंजरा काही सुटत नाही.”

चिझुरु हसली नव्हती. तिने ती ओळही लक्षणांच्या यादीत लिहून ठेवली होती.

फेब्रुवारीत तिने तीन वर्षांचा आलेख सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“ही रेघ उतरत का नाही?”

“तेच कळत नाही.”

“आजार म्हटला की रेघ उतरते, पोरी. ही तर भरती-ओहोटीसारखी चाललीये. एक, दोन, एक, एक, तीन, एक...” त्यांचं बोट कागदावरून सावकाश सरकत होतं. “एवढं आयुष्य गेलं, पण स्मृती अशी श्वास घेताना पाहिली नव्हती. का पाहिलीये? कुठेतरी पाहिलीये. आठवत नाही.”

“सर, तुम्हालाही तीन शब्द देऊ का?”

“गप्प बस. बापावर गेलीस अगदी.”

पण दोघंही बराच वेळ त्या कागदापुढे उभे राहिले, देवळात उभं राहावं तसे. विझत चाललेल्या डोक्यात एवढी शिस्त कुठून येते? चिझुरुला वाटलं, आपण मोजतोय ते आपल्याहून फार मोठं आहे.

त्या रविवारी ती तक्ता न घेताच निघाली. तिने ठरवलं होतं, आज मोजायचं नाही.

बाबांनी रजईखाली पाय घेतले आणि वाट पाहिली.

“शब्द?”

“राहू दे आज. कागद आणलेच नाहीत.”

“मग आलीस कशाला?”

“अशीच. बसायला.”

ते तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तिच्या हातातलं रताळं काढून घेतलं आणि स्वतः सोललं. सगळं तिलाच दिलं.

गुरुवारी ते झोपेतच गेले.

मृत्यूनंतरचे एकोणपन्नासाव्या दिवशीचे विधी झाले, भिक्षू गेले. हागिवारा सरांनी पिशवीतून बाबांची पाटी काढून आईच्या फोटोशेजारी ठेवली, घंटा वाजवली आणि हात जोडले. “त्याच्या कबुतरांच्या वह्या कॉलेजला दे,” ते म्हणाले. “एकतीस आहेत. मी मोजायचो.”

कपाटात बत्तीस निघाल्या.

शेवटची नवी होती. रेघा आखून तारखा घातलेल्या, अक्षर सुबक. प्रत्येक तारखेपुढे तीन शब्द होते, एकही न चुकता. ‘नदी, कंदील, मुळा’ सुद्धा. त्यांच्यापुढे आणखी दोन रकाने. ‘तिन्ही सांगितले. पुन्हा आली: ४२ दिवसांनी.’ ‘एकच सांगितला. पुन्हा आली: ७ दिवसांनी, रताळी घेऊन.’ ‘एकही सांगितला नाही. पुन्हा आली: ४ दिवसांनी, डोळे सुजलेले. हे पुन्हा करायचं नाही.’ अशी पानांमागून पानं होती. शेवटच्या रविवारापुढे शब्दांची जागा कोरी होती आणि खाली लिहिलं होतं, ‘आज तिने काही विचारलं नाही. तरी आली. प्रयोग संपला.’