गॅलरीतली खुर्ची

"तू नुसती बस गं, तुला कोणी खो देणार नाही," कॅप्टन शर्वरीने धीर दिला, आणि मिझोरामहून शिकायला आलेली रिनपुई चुन्याने आखलेल्या चौकोनात उकिडवी बसली. विद्यापीठातल्या दोन हॉस्टेलांचा खो-खोचा सामना होता. ऐन वेळी एकीचा पाय मुरगळला आणि रिकामी अशी हीच सापडली.

खरोखरच खो तिला टाळून पुढे जात होता. तिचे तळपाय मात्र शिवशिवत होते.

शेवटचं मिनिट आलं. समोरच्या संघाची एकच पोरगी उरली होती आणि ती काही केल्या हाती लागत नव्हती. धापा टाकणाऱ्या शर्वरीला हुलकावणी देऊन ती नेमकी रिनपुईच्या पुढ्यात निसटली. शर्वरीचा नाइलाज झाला. पाठीवर थाप पडली. "खो."

रिनपुई अशी सुटली, की पोरी ओरडायचंही विसरल्या. खांबापाशी ती पोरगी कशी वळणार, हे तिने आधीच ताडलं होतं. तिने सूर मारला आणि टाच गाठली.

सरांची शिट्टी वाजली. सगळा संघ तिच्या अंगावर येऊन पडला.

"इतके दिवस होतीस कुठे गं तू?" शर्वरीने विचारलं.

"रोज तिथे." धुळीने माखलेल्या हाताने रिनपुईने वर दाखवलं. हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मैदानाकडे तोंड करून एकच लाल खुर्ची ठेवलेली होती.

"उद्या ती खाली आण," शर्वरी म्हणाली. "सरांना बसायला होईल. तुला आता ती लागायची नाही."