चाळीस सेकंद

घड्याळवाले साहेब लेकीच्या मशीनमागे येऊन उभे राहिले आणि शेजारच्या मशीनवर बसलेल्या आईने आपली मशीन थांबवली. शर्टांच्या या कारखान्यात सगळ्या बायकांना एक गोष्ट पाठ होती. साहेब वेळ मोजायला आले की हात मुद्दाम हळू चालवायचा, दोरा तुटल्याचं निमित्त करायचं. कागदावर जो वेळ चढेल, तोच दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या मानगुटीवर बसायचा. पण नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी पोरीला चालढकल काय शिकवायची, म्हणून आईने हे सांगायचं राहू दिलं होतं.

तिने आता डोळे वटारले, खोकून पाहिलं. लेकीची मान काही वर होईना. मशीन नुसती धडधडत सुटली होती.

"चाळीस सेकंदांत कॉलर! शाबास," साहेब म्हणाले. "उद्यापासून सगळ्यांना एवढाच वेळ. ज्यांना झेपणार नाही, त्यांनी खुशाल घरी बसावं."

आईला एका कॉलरला सत्तर सेकंद लागत. बोटांचे सांधे धरल्यापासून कधी कधी ऐंशी.

लेक हसतच तिच्याकडे झुकली. "अगं, अशी घाबरतेस काय? माझं काम लवकर उरकलं की उरलेल्या वेळात तुझ्या कॉलरी मीच शिवून देणार. त्यासाठीच तर एवढा हात चालवतेय."

आई काही बोलणार, तेवढ्यात तिच्या पाठीमागे घड्याळाची कळ दाबल्याचा आवाज आला.