धावड्याचा फुटवा

सटवाने खुंटावरचे बोरीचे काटे बाजूला केले आणि मटकन खाली बसला. तलवाड्याच्या त्या सरकारी जंगलात धावड्याच्या झाडांचा जेमतेम एखाददुसरा फुटवा शिल्लक होता. बाकी सगळे हरणांनी पार बुडख्यापर्यंत खाल्ले होते.

जंगलखात्याच्या जमादार नबीसाबने खांद्यावरची बंदूक उतरवली. "सटवा, तोडल्यालं झाड खुंटातनं फुटतंय म्हनून जंगल ऱ्हातंय. अजून एकडाव हरनांनी खाल्लं तर खुंट मरतेत. मग तुझी राखनदारीबी गेली. वर मी काय जवाब देऊ?"

हरणं बुजावीत म्हणून कुंपणाला बैलांच्या घंटा बांधायची अक्कल सटवाचीच. कळप बुजायचाही. पण एक हरणी घंटा वाजली की उलट धावत यायची, आणि तिला बघून बाकीचीही धीट व्हायची. ती पाडस असताना तिची आई मेली, तेव्हा सटवाच्या बायकोने, साखराबाईने, तिला शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. दूध काढलं की साखराबाई दारात घंटा वाजवायची. पोटी लेकरू नव्हतं, फार जीव लावला होता तिने. मोठी झाल्यावर हरणी रानात गेली, पण घंटा विसरली नाही. दोनदा धरून बांधली, दोनदा दावं तोडून गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

"कळपात ती वळखू येत न्हाई, गोळी कुनावर घालू?" नबीसाब म्हणाला. "दारात बोलव. तिथं एकटीच येती."

घरी साखराबाईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. सटवा घंटा घ्यायला गेला तेव्हा तेवढं म्हणाली, "तुमच्या हातानं न्हाई यायची ती."

ऊन कलायला लागलं होतं. साखराबाई दारात उभी राहून घंटा वाजवू लागली. नबीसाब शेळ्यांच्या गोठ्याआड बसला. थोड्या वेळाने झुडपं हलली आणि हरणी बाहेर आली, कान टवकारून, निर्धास्त. तोंडात अजून धावड्याचा कोवळा पाला होता. सटवाला बघवेना, त्याने मान खाली घातली.

बार झाला. हरणी अंगणाच्या कडेला कोसळली.

घंटा वाजतच होती.

"बस कर आता," सटवाने बायकोचा हात धरला. "आली ती."

"दाराशी कुठं आली अजून?" असं म्हणून साखराबाईने हात सोडवून घेतला आणि पुन्हा घंटा वाजवू लागली.