फुल आवाज

चारकोपच्या त्या दोन खोल्यांमध्ये भिंत एकच. रविवारी भरदुपारी दादूने खलातल्या बत्त्याने बायकोचं, शकुचं, डोकं फोडलं. ती मेली तरी मारतच होता. पोलीस आले तेव्हा शेजारचा कृणाल कानात इअरफोन घालून आपल्या दारात उभा होता.

“तू काय ऐकलंस?” हवालदारबाईंनी विचारलं. त्यांच्या बुटाला अजून रक्त होतं.

“काहीच नाही मॅडम. हे कानात होते ना. मॅच बघत होतो, फुल आवाज.”

बाईंनी इअरफोनची वायर धरून ओढली. टोकाची गोल पिन त्याच्या खिशातून मोकळीच बाहेर आली.

“फोन काढ. लाव ही पिन.”

कृणालने फोन काढला. वरून पाहिला, खालून पाहिला. दिवाळीत घेतलेल्या त्या नव्या फोनला चार्जरचं सोडून दुसरं भोकच नव्हतं.

बाईंनी त्याची कॉलर पकडली. “कुठे घालतोस रे ही? बोल!”

“नऊ वेळा,” कृणाल पुटपुटला. “नऊ वेळा ‘कृणालभाऊजी’ म्हणून हाक मारली तिने. दहावी अर्धीच आली.”